पेशीतला मांडव : रक्षक पेशींच्या घडणीत पेशी-सांगाड्याचे स्थान

कोरोनाच्या साथीनंतर ‘रोगप्रतिकारशक्ती’ हा शब्द घराघरांत रुळला. ती वाढविण्याचा दावा करणारे काढे, चूर्णे आणि गोळ्या बाजारात आल्या. रक्ताच्या अहवालातील पांढऱ्या पेशींचा आकडा पाहून निर्धास्त होण्याची सवयही आपणांस जडली. परंतु काही बालके अशी असतात की त्यांच्या बाबतीत हा आकडा जवळजवळ बरोबर असतो, तरीही ती वारंवार आजारी पडतात. पेशी आहेत, शत्रू ओळखण्याची खूण त्यांच्या अंगावर आहे, आणि तरी संरक्षण घडत नाही. असे का व्हावे? या प्रश्नाचे एक महत्त्वाचे उत्तर विज्ञानाला गेल्या तीस-पस्तीस वर्षांत गवसले आहे आणि ते पेशीच्या सांगाड्यात दडलेले आहे.

आम्ही इतिहासाचे अध्यापक आहोत, पेशीशास्त्राचे नव्हे. तथापि या शोधाचा प्रवास इतिहासाच्या अभ्यासकालाही खिळवून ठेवील असा आहे. हंगेरीतील स्नायूंचा अभ्यास करणारी एक प्रयोगशाळा, म्युनिक शहरातील एका कुटुंबात दगावलेली तीन भावंडे आणि मातीत राहणारा एक अमीबा या तीन गोष्टींचा परस्परांशी काही संबंध असेल, असे कोणासही वाटले नसते. तो संबंध उलगडण्यास अर्धशतकाहून अधिक काळ लागला. शिवाय निवासी शाळेत पोटच्या लेकरांप्रमाणे मुले सांभाळणाऱ्या आम्हां मंडळींना, आणि दूर गावी राहून त्यांची काळजी वाहणाऱ्या पालकांना, मुलांच्या वारंवार होणाऱ्या आजारांमागील हे कारण ठाऊक असणे हिताचे आहे. म्हणून या स्मरणिकेच्या निमित्ताने हा विषय मांडीत आहोत.

सांगाडा म्हणजे नेमके काय?

शाळेच्या पुस्तकातील पेशीचे चित्र आपल्या डोळ्यांसमोर असते. बाहेर पातळ पटल, आत पाण्यासारखा पेशीद्रव आणि मध्यभागी केंद्रक. हे चित्र खोटे नाही, पण अपुरे आहे. पेशीद्रवात प्रथिनांच्या धाग्यांचे दाट जाळे पसरलेले असते आणि त्यालाच पेशीचा सांगाडा म्हणतात. त्यात मुख्यतः तीन प्रकारचे धागे असतात. सर्वांत बारीक धागे ॲक्टिन या प्रथिनाचे असून त्यांची जाडी सुमारे ७ नॅनोमीटर असते. मधल्या जाडीचे धागे सुमारे १० नॅनोमीटरचे असतात व ते पेशीला ताण सोसण्याचे बळ देतात. तिसरा प्रकार सूक्ष्मनलिकांचा. त्या ट्युब्युलिन या प्रथिनाच्या, सुमारे २५ नॅनोमीटर जाडीच्या पोकळ नळ्या असतात. पेशीतील मालाची ने-आण त्यांच्यावरून चालते, आणि पेशी दुभंगताना गुणसूत्रे दोन्ही बाजूंना ओढून नेण्याचे कामही त्याच करतात.

‘सांगाडा’ या शब्दाने मात्र थोडी दिशाभूल होते. आपली हाडे एकदा बनली की वर्षानुवर्षे जागच्या जागी राहतात. पेशीचा सांगाडा लग्नकार्यातील मांडवासारखा आहे. बांबू रोवले, दोऱ्या आवळल्या की मांडव उभा राहतो. काम संपले की तेच बांबू सोडवून दुसऱ्या गावी नेता येतात. ॲक्टिनचा धागा लहान लहान कणांच्या जोडणीने बनतो. एका टोकाला नवे कण जोडले जातात, दुसऱ्या टोकाचे सुटतात, आणि सुटलेले कण पुन्हा कामी येतात. पेशीला ज्या दिशेस सरकावयाचे असते त्या बाजूस ही जोडणी वेगाने होते, पटल पुढे ढकलले जाते आणि मागील बाजूचा मांडव उकलला जातो. पांढरी पेशी चालते ती अशी.

ॲक्टिनचा शोध १९४२ साली हंगेरीतील सेगेड येथे ब्रूनो स्ट्राउब यांनी अल्बर्ट सेंट-ग्यॉर्गी यांच्या प्रयोगशाळेत लावला. तेव्हा दुसरे महायुद्ध चालू होते, त्यामुळे ही वार्ता बाहेरच्या जगास उशिरा कळली. ॲक्टिन हे स्नायूंचे प्रथिन आहे, असाच त्या काळी समज होता. १९६६ मध्ये जपानी संशोधकांना फायझेरम नावाच्या, स्नायूंचा मागमूसही नसलेल्या एका साध्या जीवात ॲक्टिन सापडले. पुढे ते प्राणी आणि वनस्पती या दोन्हींच्या पेशींत आढळले. स्नायूंचे म्हणून ओळखले गेलेले प्रथिन अशा रीतीने साऱ्या सजीवसृष्टीचा समाईक ठेवा ठरले.

अस्थिमज्जेपासून रणांगणापर्यंत

शरीरातील बहुतेक पेशी जन्मल्या ठिकाणीच आयुष्य काढतात. यकृताची पेशी यकृत सोडून जात नाही. रक्षक पेशींचे आयुष्य मात्र स्थलांतराचे असते. त्या हाडांच्या पोकळीतील अस्थिमज्जेत मूळ पेशींपासून जन्मतात, रक्तात उतरतात, थायमस, प्लीहा व लसिका गाठी अशा ठिकाणी थांबे घेतात आणि जेथे जखम वा जंतुसंसर्ग असेल तेथे पोहोचतात. या प्रत्येक टप्प्यावर त्यांना आकार बदलावा लागतो, चिकटावे लागते, सुटावे लागते आणि फटींतून निसटावे लागते. यांतील प्रत्येक कृती सांगाड्याच्या बळावर होते. म्हणूनच सांगाडा बिघडला तर पेशीचे शेवटचे काम बिघडतेच, पण तत्पूर्वी तिची घडणही बिघडते.

न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशीचे उदाहरण पाहू. प्रौढ माणसाच्या अस्थिमज्जेत दररोज सुमारे दहा हजार कोटी न्यूट्रोफिल तयार होतात. अपरिपक्व अवस्थेत ही पेशी ताठर असते व तिचे केंद्रक गोल असते. जसजशी ती पक्व होते, तसतसे केंद्रक अनेक पाळ्यांमध्ये विभागले जाते आणि केंद्रकास आतून ताठरपणा देणाऱ्या लॅमिन-ए या धाग्यांचे प्रमाण घटते. पेशी लवचीक होते. या लवचीकपणामुळेच ती अस्थिमज्जेतून बाहेर पडू शकते आणि स्वतःहून अरुंद असलेल्या केशवाहिन्यांतून जाऊ शकते. तिची परिपक्वता म्हणजे एका अर्थी सांगाड्याची पुनर्रचनाच होय.

टी पेशींची घडण याहून कठीण. त्यांच्या पूर्वज पेशी अस्थिमज्जेतून निघून छातीच्या हाडामागील थायमस ग्रंथीत येतात. तेथे त्यांची दुहेरी परीक्षा होते. पहिली परीक्षा अशी की, शरीराच्या पेशी ज्या खुणांवर प्रथिनांचे तुकडे मांडून दाखवितात, त्या खुणा या नव्या पेशीला वाचता येतात का? दुसरी याच्या उलट. ती स्वतःच्याच शरीराला शत्रू समजून त्यावर धावून जाणारी तर नाही ना? पहिल्या परीक्षेत नापास होणारी पेशी दुर्लक्षित राहून मरते आणि दुसऱ्या परीक्षेत घातक ठरलेल्या बहुतेक पेशींना मृत्यूचा आदेश मिळतो. शंभर पेशींतून पाचांहूनही कमी पेशी पार होऊन बाहेर पडतात.

ही परीक्षा एका जागी बसून देता येत नाही. उमेदवार पेशीला थायमसच्या बाहेरील भागात फिरत अनेक परीक्षक पेशींना स्पर्श करावा लागतो आणि नंतर आतील भागात जाऊन पुन्हा तसेच करावे लागते. फिरण्यासाठी ॲक्टिन लागते. स्पर्शाच्या जागी दोन पेशींचे पटल एकमेकांना भिडवून ठेवण्यासाठी ॲक्टिन लागते. त्या जागी एकवटलेला संदेश आत पोहोचविण्यासही ॲक्टिनचेच जाळे साहाय्य करते. मांडव डळमळीत असेल तर पेशी कमी जणांना भेटेल, भेट टिकणार नाही आणि संदेश क्षीण होईल. परिणामी, लायक पेशी गळतील आणि घातक पेशी निसटून जातील. म्हणूनच सांगाड्याच्या आजारांत एकीकडे जंतुसंसर्ग वाढतो आणि दुसरीकडे शरीर स्वतःवरच उलटते. वरवर परस्परविरोधी भासणाऱ्या या दोन गोष्टींचे मूळ एकच असते.

तीन भावांचा आजार

आता त्या म्युनिकच्या कुटुंबाकडे वळू. १९३७ साली आल्फ्रेड विस्कॉट या जर्मन बालरोगतज्ज्ञाने तीन सख्ख्या भावांची नोंद प्रसिद्ध केली. तिघांनाही रक्तमिश्रित जुलाब, त्वचेवर इसब आणि वारंवार कान वाहण्याचा त्रास होता. रक्तातील प्लेटलेट कमी होत्या. तिघेही बालपणीच दगावले. त्यांच्या बहिणी मात्र निरोगी होत्या. हा प्लेटलेट कमी होण्याचा नेहमीचा आजार नसून आनुवंशिक असा वेगळा विकार असावा, असे विस्कॉट यांनी अचूक हेरले. पुढे १९५४ मध्ये रॉबर्ट ऑल्ड्रिच या अमेरिकी डॉक्टरांनी एका कुटुंबाच्या सहा पिढ्यांची वंशावळ तपासून दाखवून दिले की, हा आजार आईकडून येतो व मुलग्यांत प्रकटतो. तेव्हापासून तो ‘विस्कॉट-ऑल्ड्रिच सिंड्रोम’ या नावाने ओळखला जातो. हा आजार विरळा आहे. दहा लाख मुलग्यांच्या जन्मामागे साधारण एक ते दहा इतके त्याचे प्रमाण मानले जाते.

१९९४ साली या आजाराचे जनुक सापडले. ते एक्स गुणसूत्रावर आहे. त्यापासून बनणाऱ्या प्रथिनाला ‘वॉस्प’ असे संक्षिप्त नाव मिळाले. हे प्रथिन ५०२ अमिनो आम्लांचे असून ते केवळ रक्त व रक्षक पेशींच्या कुळातच आढळते. परंतु ते करते काय, हे कळण्यासाठी वाट पाहावी लागली ती मातीतल्या अमीबाची. त्याच १९९४ साली अकँथअमीबा नावाच्या अमीबावर काम करणाऱ्या संशोधकांना सात प्रथिनांचा एक समूह आढळला. ‘आर्प-२/३’ असे त्याचे नाव. हा समूह जुन्या ॲक्टिन धाग्याच्या कुशीला चिकटतो आणि तेथून सुमारे ७० अंशांच्या कोनात नवी फांदी फोडतो. फांदीला फांदी फुटत जाते आणि पटलाखाली दाट जाळी तयार होते. १९९९ च्या सुमारास स्पष्ट झाले की, आर्प-२/३ या समूहाला कामास लावणारा मुकादम म्हणजेच वॉस्प.

हा मुकादम एरवी स्वतःभोवती घडी घालून स्वस्थ असतो. पेशीला बाहेरून संकेत मिळाला की ‘सीडीसी-४२’ नावाचे दुसरे प्रथिन त्याला येऊन भिडते, घडी उलगडते आणि फांद्या फोडण्याचे काम सुरू होते. विस्कॉट-ऑल्ड्रिच आजारात हा मुकादमच नसतो किंवा निकामी असतो. अशा बालकाच्या टी पेशींची संख्या सुरुवातीस पुष्कळदा ठीकठाक असते, वयाबरोबर ती घटत जाते. पण ज्या आहेत त्याही शत्रूचा तुकडा दाखविणाऱ्या पेशीशी घट्ट भिडू शकत नाहीत. मारक पेशींना आपले विष नेमक्या जागी सोडता येत नाही. प्लीहेत रक्तातील जंतूंवर पहारा ठेवणाऱ्या बी पेशींची घडण अपुरी राहते. प्लेटलेट संख्येने कमी तर असतातच, शिवाय आकारानेही लहान असतात. आकाराने लहान प्लेटलेट ही या आजाराची ठळक खूण होय.

या कथेतील एक गोष्ट आम्हांस विशेष लक्षणीय वाटते. ज्या आईकडून हे जनुक येते ती स्वतः निरोगी का असते? स्त्रीच्या प्रत्येक पेशीत दोन एक्स गुणसूत्रे असतात व त्यांपैकी एकच कार्यरत राहते. कोणते राहावे हे सामान्यतः योगायोगावर ठरते, म्हणजे निम्म्या पेशींत एक आणि निम्म्यांत दुसरे. पण या मातांच्या रक्तपेशी तपासल्या तेव्हा जवळजवळ सर्व पेशींत निरोगी गुणसूत्रच कार्यरत आढळले. ही निवड अस्थिमज्जेतील अगदी आरंभीच्या पेशींतही दिसली. याचा अर्थ असा की, सदोष सांगाड्याच्या पेशी घडणीच्या पहिल्या पायरीपासूनच मागे पडत गेल्या व सशक्त पेशींनी त्यांची जागा घेतली. पेशीच्या घडणीत सांगाड्याचे स्थान किती मूलभूत आहे, याचा याहून बोलका पुरावा क्वचितच मिळेल.

आणि इतिहासाच्या विद्यार्थ्याला आनंद व्हावा अशी एक भर. २००६ साली जर्मन संशोधकांनी विस्कॉट यांच्या त्या मूळ कुटुंबातील हयात नातलगांचा शोध घेतला, त्यांची तपासणी केली आणि त्या तीन भावांना कोणता जनुकीय बदल भोवला असावा हे ६९ वर्षांनी निश्चित केले. एका डॉक्टरने काळजीपूर्वक लिहून ठेवलेली नोंद किती दूरवर उजेड पाडू शकते, हे यातून दिसते.

कमी तसे अधिकही घातक

वॉस्प नसणे घातक, तर मग ते जितके अधिक कामसू तितके बरे, असा तर्क कोणी करील. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनाने तो खोटा ठरविला. एका कुटुंबात वॉस्पच्या त्याच जनुकात वेगळ्या जागी बदल झाला होता. त्यामुळे मुकादमाची घडी पडतच नव्हती. संकेत असो वा नसो, तो काम करीतच राही. पेशीत ॲक्टिनचे जाळे नको तेवढे माजले. परिणामी न्यूट्रोफिलांची घडण अस्थिमज्जेतच अडखळली आणि रक्तात त्यांची तीव्र उणीव निर्माण झाली. एकच जनुक. त्याचे काम बंद पडले तर एक आजार, थांबलेच नाही तर दुसरा. मांडव योग्य वेळी उभा राहणे जितके आवश्यक, तितकेच तो योग्य वेळी उकलणेही आवश्यक.

सांगाड्याचे इतर कारागीर बिघडले की वेगळे आजार होतात. कोरोनिन-१ए हे प्रथिन ॲक्टिनच्या धाग्यांची उकल व फेरबांधणी यांत भाग घेते. २००८ साली नोंदविलेल्या एका रुग्णात ते सदोष होते. थायमस होता, पण रक्तात टी पेशी जवळजवळ नव्हत्या. उंदरांवरील अभ्यासातून कळले की पेशी थायमसमध्ये तयार होतात, परंतु त्यांना तेथून नीट बाहेर पडता येत नाही.

डॉक-८ या प्रथिनाची गोष्ट आणखी हृदयद्रावक. त्याच्या अभावाने होणारा आजार २००९ मध्ये ओळखला गेला. या बालकांना त्वचेवर चामखिळी, नागीण यांसारखे विषाणूंचे संसर्ग होतात आणि ते हटता हटत नाहीत. कारण पुढे उलगडले. त्यांच्या टी पेशी त्वचेच्या दाट तंतूंमधून वाट काढीत असताना ताणल्या जातात, आकार सावरू शकत नाहीत आणि वाटेतच फाटून मरतात. रक्षक निघाला खरा, पण मुक्कामी पोहोचलाच नाही.

अंगणातील सदाफुली आणि रानातील कळलावी

आतापर्यंत मुख्यतः ॲक्टिनविषयी बोललो. सूक्ष्मनलिकांची कथा तर थेट आपल्या अंगणात येते. सदाफुली हे मूळचे मादागास्कर बेटावरील झुडूप आज महाराष्ट्रात दारोदारी दिसते. त्यातून मिळणारे व्हिनक्रिस्टीन हे द्रव्य ट्युब्युलिनला चिकटते व सूक्ष्मनलिका बनू देत नाही. नलिका नाहीत तर गुणसूत्रे ओढली जात नाहीत आणि पेशी दुभंगण्याच्या ऐन क्षणी अडकून मरते. बालकांमध्ये सर्वाधिक आढळणारा कर्करोग म्हणजे तीव्र लिंफोब्लास्टिक ल्युकेमिया. त्यात टी वा बी पेशींच्या अपक्व पूर्वज पेशी घडण अर्धवट टाकून नुसत्या संख्येने वाढत सुटतात. त्यांना आवर घालणाऱ्या औषधांत व्हिनक्रिस्टीनचे स्थान १९६० च्या दशकापासून आजतागायत टिकून आहे. मज्जातंतूंतील वाहतूकही सूक्ष्मनलिकांवरच चालत असल्याने या औषधाने हातापायांस मुंग्या येतात, हेही आता समजण्यासारखे आहे.

पावसाळ्यात आपल्या रानात लाल-पिवळ्या ज्वाळांसारखी फुले घेऊन चढणारी कळलावी, म्हणजेच खड्यानाग, तिच्या कंदात व बियांत कोल्चिसीन असते. तेही सूक्ष्मनलिकांची बांधणी रोखते. अल्प मात्रेत ते वातरक्तावर दिले जाते, कारण सांध्याकडे धाव घेणाऱ्या न्यूट्रोफिलांची हालचाल त्याने मंदावते. मात्रा चुकली की तेच प्राणघातक विष ठरते. येथे कळकळीने सांगावेसे वाटते की, ‘झाडपाल्याचे औषध आहे, अपाय कसला?’ असे म्हणून सदाफुलीची पाने चघळणे वा कळलावीचा कंद उगाळून पोटात घेणे हा जिवाशी खेळ आहे. सांगाडा सर्वच पेशींना आहे. रोगट पेशी तेवढी निवडून मारील असे शहाणपण त्या पानांत नाही. डॉक्टरांनी तोलून दिलेल्या मात्रेतच ते औषध असते.

हे ज्ञान आपल्या काय कामाचे?

येथवर वाचून एखादी माता विचारील, ‘सर, हे सारे खरे, पण आमच्या घरात याचे काय?’ प्रश्न रास्त आहे. सर्दी-खोकला, ताप तर प्रत्येक मुलाला होतो. प्रत्येक आजारामागे असा विकार शोधणे अनाठायी आहे. परंतु कान वारंवार वाहत असेल, न्यूमोनिया पुन्हा पुन्हा होत असेल, त्वचेवरील इसब वा चामखिळी उपचारांना दाद देत नसतील, अंगावर मार न लागता लाल-निळे ठिपके उठत असतील, शौचावाटे रक्त जात असेल, किंवा आईच्या माहेरी लहान मुलगे असेच दगावल्याचे ऐकिवात असेल, तर केवळ पांढऱ्या पेशींचा आकडा पाहून थांबू नये. साध्या रक्ततपासणीत प्लेटलेटची संख्या व त्यांचा सरासरी आकार हे दोन्ही कळतात. निरोगी व्यक्तीत दर मायक्रोलिटरमागे दीड ते साडेचार लाख प्लेटलेट असतात. या आजारात ती संख्या अनेकदा सत्तर हजारांच्याही खाली असते आणि आकारही लहान असतो. असा अहवाल आल्यास बालरोगतज्ज्ञांकडे स्पष्टपणे विचारणा करावी. मुंबईत परळ येथील केईएम रुग्णालयाच्या आवारात राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्था असून तेथे जन्मजात प्रतिकारदोषांचे निदान होते. कुटुंबात असा आजार असल्यास जिवंत जंतूंच्या लशींबाबत डॉक्टरांचा सल्ला आधी घ्यावा. निरोगी मुलांचे लसीकरण मात्र कदापि टाळू नये.

या आजारावर उपाय आहेत. १९६८ मध्ये विस्कॉट-ऑल्ड्रिचच्या रुग्णावर अस्थिमज्जा-रोपणाचा पहिला प्रयोग अमेरिकेत झाला. आज योग्य दाता लाभल्यास हा उपचार आजार मुळातून बरा करू शकतो. मूळ पेशींत निरोगी जनुक घालण्याचे प्रयत्नही झाले. जर्मनीतील आरंभीच्या प्रयोगात सुधारणा दिसली, पण नंतर काही बालकांना ल्युकेमिया झाला. पुढे २०१३ साली मिलान येथील संशोधकांनी अधिक सुरक्षित वाहक वापरून तीन बालकांवरील आशादायक निष्कर्ष मांडले.

रोपणासाठी दाता मिळणे हीच मोठी अडचण असते. सख्ख्या भावंडाची पेशी-खूण पूर्णपणे जुळण्याची शक्यता चारांत एक. भावंड जुळले नाही तर नोंदणीकृत दात्यांत शोध घ्यावा लागतो, आणि ती खूण समान वंशपरंपरेच्या लोकांत जुळण्याचा संभव अधिक असतो. म्हणजेच ज्या समाजातील लोक दाता म्हणून नाव नोंदवीत नाहीत, त्या समाजाच्या लेकरांना गरजेच्या वेळी दाता मिळणे दुरापास्त होते. आमच्या माजी विद्यार्थ्यांपैकी कितीतरी जण आज तरुण, सुदृढ आणि शहरांत स्थिरावलेले आहेत. गालाच्या आतील बाजूचा एक नमुना देऊन दाता-नोंदणी करता येते. रक्तदानाची परंपरा आपण नेटाने चालविली आहे, तिच्या शेजारी ही नोंदही असावी.

शेवटी एक गोष्ट, जी आम्ही सर्वांत महत्त्वाची मानतो. आनुवंशिक आजार घरात आला की त्याचे खापर आईच्या माथी फुटते. ‘हिच्याच पोटी असे का?’ हा प्रश्न शिक्षित घरांतही विचारला जातो. विस्कॉट-ऑल्ड्रिचचे जनुक आईकडून येते हे खरे, परंतु तिला स्वतःला ते ठाऊक नसते, तिच्या शरीराने ते निमूटपणे सांभाळून घेतलेले असते आणि काही वेळा तो बदल तिच्यातही नसून बाळात नव्यानेच घडलेला असतो. डॉक-८ वा कोरोनिनच्या आजारात तर आई व बाप दोघांकडूनही सदोष जनुक यावे लागते, आणि मामेबहिणीशी वा आतेबहिणीशी लग्न झालेल्या घरांत तसे घडण्याची शक्यता वाढते. यात शाप नाही, करणी नाही, कोणाचे पाप नाही. एका प्रथिनाच्या लिखाणातील एक-दोन अक्षरे बदलली आहेत, एवढेच. ती अक्षरे कोठे बदलली हे आज वाचता येते. अशा आईला देवाऱ्या-गंडेदोऱ्यांच्या वाटेने पाठविण्याऐवजी तपासणीच्या वाटेने सोबत करणे, पुढील गर्भारपणाआधी तिला आनुवंशिकतेचा सल्ला मिळवून देणे, आणि तिच्या लेकराच्या रोपणासाठी दाता शोधायला हात देणे, एवढे तरी आपण समाज म्हणून करू शकतो. १९३७ साली त्या तीन भावांच्या मातेला हे उत्तर कोणीही देऊ शकत नव्हते. आज ते देता येते, म्हणून ते प्रत्येक घरापर्यंत पोहोचविणे हे आपले कर्तव्य ठरते.